दिव्यांचा मेळ

बंगळुरू शहराच्या दक्षिणेस कनकपुरा रस्त्यालगत बनशंकरी देवीचे देऊळ आहे. ते १९१५ साली बांधले गेले. देवीचे मूळ ठाणे मात्र बदामीजवळ असून महाराष्ट्रातील अनेक घराण्यांचीही ती कुलदेवता आहे. बंगळुरूच्या या देवळात मंगळवारी, शुक्रवारी आणि रविवारी राहुकाळात स्त्रियांची दाटी होते. लिंबू मधोमध चिरावयाचे, रस पिळून टाकावयाचा, साल उलटी करून तिची वाटी करावयाची, तीत तूप किंवा तेल घालून वात ठेवावयाची, की दिवा तयार झाला. लिंबू कोणत्याही बाजारातले असो, तेल कोणत्याही घाण्याचे असो, वात कोणीही वळलेली असो, दिवा लागतो. आपली काडी विझली तर शेजारणीच्या दिव्यावर आपला दिवा लावून घेता येतो, आणि त्यासाठी तिचे लिंबू आपल्याच दुकानातले आहे काय, असे विचारावे लागत नाही.

देवळाच्या आसपासच्या घरांत मात्र हल्ली हा प्रश्न खरोखरच विचारावा लागतो. बनशंकरी हे नाव आज देवळाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, एका विस्तीर्ण उपनगराचे म्हणून परिचित आहे. हे उपनगर टप्प्याटप्प्याने वसत गेले आणि त्याचे भाग आजही ‘पहिला टप्पा’, ‘दुसरा टप्पा’ अशाच नावांनी ओळखले जातात. २०१७ साली मेट्रो रेल्वे येथवर पोहोचली. निवृत्त आईवडिलांनी चाळीस वर्षांपूर्वी बांधलेले दुमजली घर, आणि त्याच घरात किंवा परदेशात राहून संगणक-व्यवसायात काम करणारी मुले, असे कुटुंब येथे पावलोपावली आढळते. घरात स्मार्ट दिवे प्रथम आणतात ती ही मुले.

स्मार्ट दिवा म्हणजे काय? नेहमीच्या एलईडी दिव्याच्या मानेत दोन गोष्टी अधिक बसविलेल्या असतात. एक अतिशय लहान संगणक आणि त्याला जोडलेले, संदेश घेणारे व पाठविणारे रेडिओयंत्र. त्यामुळे खिशातील फोनवरून दिवा लावता येतो, मंद करता येतो, त्याचा रंग पालटता येतो, ठराविक वेळी तो आपोआप लागतो किंवा मालवतो. ‘हॉलमधला दिवा लाव’ असे तोंडाने सांगितले तरी चालते. या सोयी खऱ्या आहेत. संधिवाताने ज्याला उठणे कठीण झाले आहे, त्याला अंथरुणातून न उठता दिवा लावता येणे ही काही चैन नव्हे. परंतु हाच दिवा दुसऱ्या कंपनीच्या बटणाशी, तिसऱ्या कंपनीच्या ध्वनियंत्राशी आणि घरातील जुन्या तारांशी नांदावयाचा म्हटला, की अडचणींना प्रारंभ होतो. या अडचणींचे मूळ कोणा एका यंत्राच्या दोषात नाही. दिवा ज्या ज्या गोष्टींवर अवलंबून असतो, त्यांच्यातील जुने करार मोडून नवे करार अद्याप पुरते न झाल्याची ती लक्षणे आहेत.

जुना करार इतका पक्का होता की तो करार आहे, हेच लोकांच्या ध्यानातून गेले होते. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील वीज १९०२ साली प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरविण्यात आली. त्यानंतर, ५ ऑगस्ट १९०५ रोजी, बंगळुरूच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले. त्या काळात दिव्यांच्या जगात मोठी अनागोंदी होती. अमेरिकेत एडिसन, वेस्टिंगहाउस आणि थॉमसन-ह्यूस्टन यांच्या दिव्यांच्या बैठका निरनिराळ्या घाटाच्या होत्या आणि एकाचा दिवा दुसऱ्याच्या होल्डरात बसविण्यासाठी मधले तुकडे विकले जात. विजेच्या प्रवाहाचीही तीच तऱ्हा. एकट्या लंडन शहरात १९१८ साली दहा निरनिराळ्या वारंवारतांची वीज वापरात होती. एका पेठेतून दुसऱ्या पेठेत बिऱ्हाड हलविणाऱ्याला आपली विद्युत्-उपकरणे तेथे चालतील की नाही, याची खात्री नसे.

हा गोंधळ हळूहळू निवळला. भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाची आणि ५० हर्ट्झ वारंवारतेची ठरली. दिव्याच्या बैठकीच्या बाबतीत आपण इंग्लंडच्या वळणावर गेलो आणि दोन खुंट्यांची, बावीस मिलिमीटर व्यासाची, दाबून फिरविली की अडकणारी बैठक घरोघर रूढ झाली. बंदुकीला संगीन याच रीतीने अडकवीत. तारेचा दिवा गेला, बारीक नळीचा सीएफएल आला, तोही गेला आणि एलईडी आला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘उजाला’ योजनेतून छत्तीस कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले, आणि घरमालकाला त्यासाठी होल्डर बदलावा लागला नाही. प्रकाश निर्माण करण्याची रीत मुळापासून पालटली, पण भिंतीतील होल्डराला त्याचा पत्ताही लागला नाही! उत्तम मेळ म्हणतात तो हा.

स्मार्ट दिव्याबरोबर पहिली ठेच या सर्वांत खालच्या पायरीवरच लागते. परदेशातून सुट्टीवर येणारा मुलगा तेथील दिवे सामानात घालून आणतो. अमेरिकेतील दिव्याची बैठक आट्यांची असते. भारतात झुंबरांसाठी आणि टेबलावरील दिव्यांसाठी आट्यांचे होल्डर मिळतात, आणि अमेरिकेची सव्वीस मिलिमीटरची बैठक आपल्या सत्तावीस मिलिमीटरच्या होल्डरात सहज फिरते. बैठक जुळली, आता दिवा लागणार, असे वाटते. पण तो दिवा १२० व्होल्टसाठी केलेला असतो. २३० व्होल्टचा प्रवाह मिळताच त्यातील नाजूक मंडल जळून जाते, आणि त्याबरोबर काही हजार रुपयेही. जी गोष्ट बसतच नाही, ती फारसा अपाय करीत नाही. बसते पण चालत नाही, अशी गोष्ट अधिक महाग पडते. पुढील प्रत्येक पायरीवर हाच अनुभव नव्या रूपात येतो.

भारतीय घरात दिव्यावर खरी सत्ता चालते ती भिंतीवरील बटणाची. बटण दाबले की वीज जोडली जाते, पुन्हा दाबले की तुटते, याहून अधिक त्याला काही कळत नाही. साध्या दिव्याला ते पुरेसे होते. स्मार्ट दिवा मात्र मालवलेला असतानाही जागा असावा लागतो. फोनवरून येणारा संदेश ऐकण्यासाठी त्याला अर्ध्या वॅटच्या आसपास वीज सतत लागते. आता त्या दुमजली घरातील वृद्ध गृहिणीचा विचार करावा. रात्री निजण्यापूर्वी घरभर फिरून एकेक बटण बंद करावयाचे, ही तिची पन्नास वर्षांची सवय आहे. वीज वाया घालवू नये, ही तिची शिकवण आहे. तिने बटण बंद केले की दिव्याचा संगणक निजतो. मग मुलगा फोनवर कितीही बोट दाबो, ‘हे उपकरण प्रतिसाद देत नाही’ एवढेच उत्तर मिळते. यावर पुष्कळ घरांत योजलेला उपाय पाहण्यासारखा असतो. बटणावर चिकटपट्टी लावून ठेवतात. म्हणजे दिवा लावण्याची नवी सोय करण्यासाठी दिवा लावण्याची जुनी सोय बंद करावयाची! घरात आलेल्या पाहुण्याला, मोलकरणीला किंवा फोन न वापरणाऱ्या आजोबांना मग दिवा कसा लावावा हे विचारावे लागते. घरात तंत्र आल्याने कोणाची सत्ता वाढली आणि कोणाची गेली, हे या चिकटपट्टीवरून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसत असेल.

यावर दुसरा मार्ग म्हणजे दिवा साधाच ठेवून बटण स्मार्ट करणे. बटणाच्या मागे, भिंतीतील पेटीत, एक लहानसा रेडिओ-खटका बसवितात. बटण हाताने दाबता येते आणि फोनवरूनही चालविता येते. चार माणसांच्या घरासाठी हाच मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. आजीची सवय मोडावी लागत नाही, आणि यंत्र बिघडले तरी साधे बटण परत बसवून घेता येते. पण येथे घराच्या तारा आड येतात.

विजेला जाण्यासाठी आणि परतण्यासाठी अशा दोन तारा लागतात, त्यांना वायरमन फेज आणि न्यूट्रल म्हणतात. साध्या बटणाला दोन्हींची गरज नसते. फेजची तार बटणातून जाते, न्यूट्रल परस्पर दिव्याकडे जाते. बटणाच्या मागे बसविलेल्या रेडिओ-खटक्याला मात्र स्वतः जागे राहण्यासाठी दोन्ही तारा हव्या असतात. ज्या फळीवर दिव्यांच्या बटणांबरोबर पिनांचे सॉकेटही असते, तेथे न्यूट्रल सापडते. भारतीय घरांत अशा फळ्या पुष्कळ असतात, ही त्यातल्या त्यात भाग्याची गोष्ट. परंतु जिन्यातील, न्हाणीघराबाहेरील किंवा फाटकाजवळील एकट्या बटणामागे बहुधा एकटी फेजच असते. न्यूट्रलवाचून चालणारे खटकेही मिळतात. ते आपली भूक भागविण्यासाठी दिव्यातूनच किंचित प्रवाह वाहू देतात. जुन्या साठ वॅटच्या तारेच्या दिव्याला त्याने काही झाले नसते. पाच वॅटचा एलईडी दिवा मात्र तेवढ्यानेही मधूनमधून लुकलुकतो किंवा मालवल्यावरही काजव्यासारखा मंद उजळत राहतो. अशा घरांत ‘भिंतीत ओल आली असावी’ म्हणून वायरमनला बोलावले जाते. ओल नसते. दोन यंत्रे एकमेकांची गरज न जाणता एका तारेवर बांधलेली असतात, इतकेच.

जिन्याचा दिवा हे आणखी एक प्रकरण आहे. खाली एक आणि वर एक अशा दोन बटणांनी तो लावता-मालवता येतो, आणि ही जुनी जोडणी स्वतःच मोठी चतुर आहे. तिच्यात एक बाजू स्मार्ट केली आणि दुसरी तशीच ठेवली, तर वरच्या बटणाने खालच्या खटक्याची वीजच तोडली जाण्याचा संभव असतो. खटका त्या जोडणीसाठी केलेला असावा लागतो आणि वायरमनलाही ती जोडणी उकलता यावी लागते. दिवा मंद करणारा जुना फिरता नियंत्रक भिंतीत असेल, तर त्यामागे स्मार्ट दिवा लावूच नये. तो नियंत्रक विजेच्या लहरीचा काही भाग कापून दिवा मंद करतो, आणि दिव्यातील संगणकाला अशी तुटक वीज सोसत नाही. आणि मोठ्या उत्साहाने दिवाही स्मार्ट आणि बटणही स्मार्ट अशी खरेदी ज्यांनी केली, त्यांचे दिवे व बटणे एकमेकांच्या आज्ञा परस्पर रद्द करीत बसतात.

वीज जाते तेव्हा आणखी एक गोष्ट घडते. पहाटे तीन वाजता वीज गेली आणि साडेतीनला आली, तर अनेक स्मार्ट दिवे पूर्ण तेजाने लागतात. कारखान्यात त्यांना तसेच शिकविलेले असते. बटणाने वीज दिली की दिवा लागलाच पाहिजे, ही जुनी अपेक्षा त्यांनी पाळावयाची असते. ती वीज बटणाने दिली की वीजमंडळाने, हे ओळखण्याचे त्यांच्यापाशी साधन नसते. पुढे काही कंपन्यांनी ‘वीज येताच पूर्वीच्या स्थितीत राहा’ अशी सोय दिली, परंतु ती फोनमधील पृष्ठांच्या तळाशी शोधून काढावी लागते. इन्व्हर्टर असलेल्या घरात निराळीच गंमत होते. दिवे इन्व्हर्टरवर आणि वाय-फायचा राउटर साध्या विजेवर असेल, तर दिवे जागे असतात पण त्यांना आज्ञा पोहोचविणारा दूत झोपलेला असतो.

आतापर्यंत तारांची गोष्ट झाली. खरा भाषाभेद सुरू होतो तो हवेत. स्मार्ट दिवा ज्या रेडिओलहरींवर बोलतो, त्यांचे अनेक पंथ आहेत. सर्वांत परिचित पंथ वाय-फायचा. स्वस्त दिवे बहुधा वाय-फायवर चालतात, कारण राउटर घरात आधीच असतो. हे राउटर आज दोन वारंवारतांवर बोलतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. दिव्यांना बहुतकरून पहिलीच समजते. ती दूरवर जाते, विटांच्या भिंतींतून थोडीफार पार होते, आणि तिचे यंत्र स्वस्त पडते. पण नवा राउटर दोन्ही वारंवारतांना एकच नाव देऊन ठेवतो, आणि दिवा प्रथम जोडताना फोन ५ गिगाहर्ट्झवर असला तर काही दिवे जोडलेच जात नाहीत. फोनला दिवा दिसत नाही आणि दिव्याला घर दिसत नाही. ज्याला हे ठाऊक नाही, तो दिवा सदोष समजून दुकानात परत करतो.

दुसरा पंथ झिग्बी. मधमाश्या मधाचा ठावठिकाणा एकमेकींना सांगण्यासाठी जे नागमोडी नृत्य करतात, त्यावरून हे नाव घेतले आहे, आणि ते अन्वर्थक आहे. झिग्बीचे दिवे थेट राउटरशी बोलत नाहीत. एक दिवा आपला संदेश शेजारच्या दिव्याला देतो, तो पुढच्याला, असे करीत संदेश एका मध्यवर्ती पेटीपर्यंत पोहोचतो. या पेटीला हब किंवा ब्रिज म्हणतात. दिवे जितके अधिक तितके जाळे घट्ट, ही या रचनेची खुबी आहे, आणि जाड भिंतींच्या दुमजली घराला ती फार उपयोगी पडते. पण आजीने जिन्यातील दिव्याचे बटण बंद केले की साखळीतील एक कडी निखळते, आणि फाटकावरचा दिवा, ज्याला कोणी हातही लावलेला नाही, मुका होतो. शिवाय झिग्बीही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात बोलते. शेजारच्या चार सदनिकांतील वाय-फायचा गलका वाढला की तिचा आवाज त्यात बुडतो.

झिग्बी म्हटले की सर्व झिग्बी दिवे एकमेकांना समजावेत, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रारंभी तसेही नव्हते. घरगुती उपकरणांसाठी एक आणि दिव्यांसाठी दुसरी, अशा झिग्बीच्याच दोन बोली होत्या, आणि एका बोलीचा हब दुसऱ्या बोलीच्या दिव्याला ओळख देईलच असे नव्हते. पुढे झिग्बी ३.० या आवृत्तीने या बोली एकत्र आणल्या. मराठी वाचकाला ही गोष्ट लिपीच्या उदाहरणाने चटकन कळेल. नेपाळी मजकूर देवनागरीत असतो. मराठी माणूस त्याची अक्षरे लावून घडाघडा वाचू शकतो, पण त्याला अर्थ कळेलच असे नाही. रेडिओलहर ही लिपी आहे. तिच्यावरून ‘लाग’, ‘मालव’, ‘मंद हो’ हे कोणत्या शब्दांत सांगावयाचे, ही भाषा आहे. खोक्यावर छापलेले नाव पुष्कळदा लिपीचे असते, आणि गिऱ्हाईक ते भाषेचे समजून पैसे देते.

झेड-वेव्ह या तिसऱ्या पंथाची अडचण देशांच्या सीमांशी निगडित आहे. तो वाय-फायच्या गर्दीपासून दूर, खालच्या वारंवारतेवर बोलतो. ही वारंवारता प्रत्येक देशात सरकारच्या नियमांप्रमाणे निराळी असते. भारतात ती ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे, अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झच्या आसपास. अमेरिकेतून आणलेला झेड-वेव्ह खटका विजेचा दाब सोसणारा असला, तरी बनशंकरीत विकत घेतलेल्या हबला त्याचे बोलणे ऐकूच येत नाही. येथे दुभाष्याचाही उपयोग नाही, कारण एक बोलतो त्या सुरावर दुसऱ्याचे कानच नाहीत.

भाषा एक असली तरी कंपनी दार लावून घेऊ शकते, याचे उदाहरण डिसेंबर २०१५ मध्ये जगाने पाहिले. फिलिप्स कंपनीचे ‘ह्यू’ नावाचे दिवे २०१२ च्या ऑक्टोबरात बाजारात आले होते आणि त्यांनीच हा सारा प्रकार लोकप्रिय केला. ते झिग्बीवर चालत. त्यामुळे इतर कंपन्यांचे स्वस्त झिग्बी दिवेही ह्यूच्या ब्रिजला जोडता येत आणि लोक तसे जोडीत. त्या डिसेंबरात कंपनीने ब्रिजची आज्ञावली बदलली आणि आपण मान्यता न दिलेले परके दिवे नव्याने जोडणे बंद केले. परके दिवे नीट चालत नाहीत आणि दोष आपल्या माथी येतो, अशी कंपनीची भूमिका होती, आणि ती सर्वस्वी खोटी होती असे नाही. परंतु गिऱ्हाइकांनी इतका संताप व्यक्त केला की थोड्याच दिवसांत तिला ते पाऊल मागे घ्यावे लागले. या घटनेत ध्यानात घेण्याजोगे हे आहे की कोणाच्याही घरातील एकही वस्तू हलविली गेली नव्हती. होल्डर तोच, दिवा तोच, तारा त्याच. मेळ बसला होता तो दूरवरून आलेल्या काही ओळींनी मोडला, आणि दुसऱ्या काही ओळींनी परत बसविला.

अनेक दिव्यांच्या बाबतीत दिवाणखान्यात उच्चारलेली आज्ञा सरळ छताकडे जात नाही. ती ध्वनियंत्रातून इंटरनेटवर, तेथून ध्वनियंत्राच्या कंपनीच्या संगणकाकडे, तेथून दिव्याच्या कंपनीच्या संगणकाकडे आणि मग परत बनशंकरीतील त्या घरात येते. दहा फुटांवरच्या दिव्यासाठी संदेश कधी समुद्रापलीकडे जाऊन येतो. बाहेरच्या रस्त्यावर खणताना केबल तुटली तर ही वाट बंद होते. ती दुरुस्त होते. पण दुसऱ्या टोकाची कंपनीच आपला संगणक बंद करते तेव्हा काय? ऑसराम या जर्मन कंपनीने ‘लाइटिफाय’ या आपल्या दिव्यांमागील संगणकसेवा ३१ ऑगस्ट २०२१ रोजी थांबविली. घराबाहेरून दिवे चालविणे आणि तोंडी आज्ञा देणे त्या दिवसापासून बंद पडले. ते दिवे झिग्बीचे होते म्हणून ज्यांना माहिती होती त्यांनी ते दुसऱ्या कंपनीच्या हबला जोडून घेतले. समाईक भाषेचा उपयोग तो हाच. अमेरिकेतील इन्स्टिऑन कंपनीच्या गिऱ्हाइकांना एवढीही पूर्वसूचना मिळाली नाही. एप्रिल २०२२ मध्ये तिची संगणकसेवा अचानक बंद पडली, आणि लोकांना ते कळले ते दिवे नेहमीच्या वेळी न लागल्यावरून. त्याच वर्षी जून महिन्यात तिच्याच काही जुन्या गिऱ्हाइकांनी मिळून ती कंपनी विकत घेतली आणि सेवा पुन्हा सुरू केली. दिवे लागावेत म्हणून कंपनी विकत घेण्याची पाळी गिऱ्हाइकांवर यावी, असा प्रसंग दिव्यांच्या इतिहासात विरळाच.

या साऱ्यावर उपाय काढण्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिग्बीची संघटना एकत्र आल्या. एरवी एकमेकांचे पाणीही न पिणाऱ्या या कंपन्यांनी एक समाईक भाषा तयार करावयाचे ठरविले. मे २०२१ मध्ये तिचे ‘मॅटर’ असे नामकरण झाले आणि ४ ऑक्टोबर २०२२ रोजी तिची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. मॅटर ही केवळ भाषा आहे. ती वाय-फायवरून बोलता येते, तशीच थ्रेड नावाच्या नव्या पंथावरूनही. मॅटरचा दिवा निरनिराळ्या कंपन्यांच्या नियंत्रकांना एकाच वेळी मानतो, आणि मूळ आज्ञांसाठी त्याला घराबाहेरच्या संगणकाकडे जावे लागत नाही. ही दुसरी गोष्ट पहिलीहून मोलाची आहे.

तथापि मॅटरचे बोधचिन्ह खोक्यावर आहे म्हणून डोळे मिटून दिवा घ्यावा, अशी स्थिती अजून आलेली नाही. थ्रेडवरील दिव्याला घरात थ्रेड समजणारा दुभाषी लागतो. तो काही ध्वनियंत्रांत असतो, काहींत नसतो. दोन कंपन्यांचे असे दुभाषी एका घरात आले की प्रत्येकाने आपले वेगळे जाळे विणावे, असेही घडू लागले. सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थ्रेड १.४ या आवृत्तीत त्यावर तोड आहे, पण ती प्रत्येक यंत्रात उतरण्यास अवधी लागतो. मॅटरमध्ये लावणे, मालवणे, मंद करणे, रंग बदलणे एवढे सर्वांना सारखे येते. एखाद्या कंपनीने दिवाळीसाठी खास तयार केलेला रंगांचा खेळ मात्र बहुधा तिच्याच अ‍ॅपमध्ये राहतो. आणि भिंतीत न्यूट्रल नसेल तर ते मॅटर आणून देत नाही. बनशंकरीतील घराला हव्या असलेल्या दोन गोष्टींपैकी एक मॅटरने दिली आहे. दुसरीसाठी अजूनही तारा जाणणारा वायरमनच लागतो.

शेवटची अडचण मालकीची. बंगळुरूत भाडेकरूंची ये-जा मोठी. वरच्या मजल्यावरील भाडेकरू सहा स्मार्ट दिवे लावतो आणि दोन वर्षांनी पुण्याला किंवा सिंगापूरला निघून जाताना ते होल्डरातच ठेवून जातो. दिवे मालकिणीच्या छताला असतात, पण ते त्या भाडेकरूच्या खात्याला बांधलेले असतात. नव्या भाडेकरूने त्यांना आपल्या फोनला जोडू पाहिले तर ते नकार देतात. वाय-फायच्या अनेक दिव्यांना यावर एक घरगुती युक्ती शिकविलेली असते. भिंतीवरचे बटण ठराविक वेळा, काहींत तीन तर काहींत पाच, भराभर उघडझाप केले की दिवा लुकलुकू लागतो आणि जुना धनी विसरतो. ह्यूच्या दिव्यांना ही युक्ती चालत नाही. त्यांच्या मानेवर बारीक अक्षरांत छापलेला सहा अक्षरांचा क्रमांक नव्या धन्याच्या अ‍ॅपमध्ये लिहावा लागतो. त्यासाठी वीज बंद करून, स्टुलावर चढून, एकेक दिवा होल्डरातून काढावयाचा, भिंग लावून क्रमांक वाचून घ्यावयाचा, आणि कोणता क्रमांक कोणत्या खोलीतला ते कागदावर टिपून दिवा परत जागच्या जागी बसवावयाचा.